वाऱ्यानं नेलेले कान

माझे वडील वाऱ्यामुळे बहिरे झाले. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मी गंमत करत नाहीये हे दिसलं की गप्प होतात. कानात गार वारा शिरला असेल म्हणून लसणाचं कोमट तेल सुचवणारेही भेटतात. तसला वारा नव्हता हो तो. माणसांनी मुद्दाम तयार केलेला, बोगद्यात कोंडलेला वारा होता.

अण्णा देवळाली प्रवऱ्याजवळच्या शेतकरी घरातले. शाळेत हुशार निघाले, पुण्यात इंजिनिअर झाले आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत लागले. आपलं विमान आपणच बनवायचं, अशी तेव्हाच्या त्या तरुण पोरांची ईर्ष्या होती. खरं विमान बनवण्याआधी त्याचा छोटा नमुना विंड टनेलमध्ये टांगायचा. विंड टनेल म्हणजे वाऱ्याचा बोगदा. त्याच्या एका टोकाला खोलीएवढा पंखा. विमान जागच्या जागी आणि वारा त्याच्यावरून सुसाट पळतोय, असा तो उलटा कारभार. हवा पंखाला धरून कशी वाहते आणि कुठं त्याची साथ सोडते, हे बघणं अण्णांचं काम. हवेनं पंख सोडला की विमान पडतं, एवढं त्यांनी मला उसाच्या पाटात शिकवलं होतं. सुट्टीत गावी गेलो की वाहत्या पाण्यात ते तळहात आडवा धरत, मग हळूहळू तिरपा करत. हाताच्या मागं पाणी भोवऱ्यात फिरायला लागलं की म्हणत, "गेलं. पडलं बघ विमान." बांधावर उभ्या चुलत्यांनी एवढं शिकून हा पाण्यात खेळत बसतो म्हणून कपाळाला हात लावलेला मला आठवतोय.

हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नमुन्याच्या पंखावर लोकरीचे बारीक धागे चिकटवत. धागे सपाट पडून राहिले तर ठीक, फडफडून उलटे फिरले तर तिथं गडबड आहे. ते धागे बरेचदा आमच्या आईनं कापलेले असत. प्रयोगशाळेत येणारी लोकर जाड असायची, म्हणून आई जुने स्वेटर उसवून, लोकरीचे पदर वेगळे करून एकसारखे तुकडे करायची आणि काड्यापेटीत भरून द्यायची. आई सातवी शिकलेली, राहुरी तालुक्याच्या बाहेर पहिल्यांदा पडली ती थेट बंगळूरला. शेजारणींची भाषा येत नव्हती, भाजीवाल्याशी बोटांनी बोलायची. अण्णा संध्याकाळी घरी आले की दिवसभर साठलेलं सगळं ती त्यांच्यापुढं ओतायची. दिवसात तिच्याशी मराठीत बोलणारं तेवढं एकच माणूस होतं.

त्या माणसाचे कान तेव्हाच जायला लागले होते.

पंखा सुरू झाला की इमारतीच्या भिंती थरथरत. कानांसाठी कापसाचे बोळे मिळायचे, बाकी काही नाही. अण्णा तेही काढून ठेवायचे. हवा पंख सोडायच्या बेतात आली की नमुन्याचा आवाज बदलतो, धागे हलायच्या आधी तो कानाला कळतो, असं त्यांचं म्हणणं. साहेब रागावले, सोबत्यांनी सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. बोळा घालून काम करायचं म्हणजे हातमोजे घालून भाकरी थापायची, असं ते आईला म्हणाले होते, आणि आईला ते पटलंही होतं. मला या गोष्टीचा अजून संताप येतो. इतकी हुशार माणसं, हवेच्या केसाएवढ्या पातळ थराचा हिशेब मांडणारी, आणि स्वतःच्या कानाचा हिशेब कुणाला सुचला नाही.

विमान उडालं. सगळ्यांच्या घरच्यांना बघायला नेलं होतं, मी आईच्या कडेवर होते म्हणे. अण्णा आकाशाकडं बोट करून रडत होते. आई म्हणाली, "लई आवाज करतंय." पुढं तसली विमानं थोडीच बनली, मग बाहेरून विकत आणायची ठरली, आणि अण्णांच्या कामाचे कागद कपाटात गेले. त्याचं दुःख त्यांना निवृत्त होईपर्यंत होतं. आम्ही त्यांना कधी त्याबद्दल धड विचारलंही नाही, कारण घरात त्याहून मोठं भांडण चालू होतं.

भांडण असं की अण्णांना सगळ्यांचं ऐकू येई, फक्त आमचं येत नसे. सोबती दारातून बोलले तरी कळे. मिलिटरी ट्रकचा हॉर्न कळे. आई स्वयंपाकघरातून हाका मारून थके आणि हे पेपर वाचत बसलेले. "कानात बोळे घातल्यात का?" ती ओरडायची, तेही त्यांना ऐकू जात नसे. आईची समजूत झाली की नवऱ्याला आपण नकोशा झालोय. खेडवळ बायको, चारचौघांत लाज वाटत असेल. तिनं मला हे कितीदा तरी बोलून दाखवलं. "बाहेरच्यांना कान हायेत यांचे. घरात न्हाईत." हळूहळू तिनं संध्याकाळचं ओतणं बंद केलं. दोन माणसं एका घरात राहत होती आणि आमटी वाढू का, एवढंच बोलत होती. मीसुद्धा आईच्याच बाजूची होते.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नगरला लागून केडगावात घर बांधलं, पुणे रोडपासून आत. तिथं आल्यावर कधीतरी आई हट्टानं त्यांना नगरच्या कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेली. मी शिकवायचे त्या शाळेतून रजा काढून सोबत होते. तपासणी झाल्यावर डॉक्टरांनी कागदावर एक रेघ काढून दाखवली. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की बारीक, चिरके आवाज आधी जातात. बायकांचा आवाज जातो, लहान मुलांचा जातो. पुरुषांचे जाड आवाज बरेच दिवस टिकतात. "म्हणजे तुमचाच आवाज सगळ्यात आधी गेला असणार, आजी," डॉक्टर अगदी सहज म्हणाले.

रिक्षात बसल्यावर आईनं पदर तोंडाला लावला आणि माळीवाड्यापासून केडगावापर्यंत रडत राहिली. अण्णा तिच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होते, "मला काही मोठा आजार निघाला का?" असं विचारत होते. घरी आल्यावर आई मला म्हणाली, "म्हंजी मी इतकी वर्सं उगाच भांडले गं. त्यांना ऐकूच येत नव्हतं." मग जरा वेळानं, "आन मी त्यांना काय काय बोलले."

मशीन आणलं होतं कानाचं. ते घातलं की अण्णा म्हणत, सगळीकडून टनेल सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि काढून ठेवत. मग आईनं आपलीच युक्ती काढली. ती आवाज खाली उतरवून, छातीतून, बाप्यासारखं बोलायला लागली. सोबत तोंड मोठं उघडून, ओठ नीट हलवून. आणि काय सांगू, ते त्यांना कळायला लागलं. सत्तरीकडं झुकलेली माझी आई पाटलासारख्या आवाजात "अवो, भाकरी खाता का" म्हणायची आणि अण्णा "होय" म्हणायचे. गल्लीतल्या बायका तिला हसत. हसू देत. तिनं तीस वर्षांचं तुंबलेलं बोलायला घेतलं होतं. बंगळूरच्या भाजीवाल्यापासून सुरुवात केली. अण्णांचा आवाज तर केव्हाच वाढलेला, बहिऱ्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतो हे कळत नाही. त्यामुळं आमच्या घरातली प्रेमाची बोलणीसुद्धा रोडपर्यंत जात आणि नवीन भाडेकरूंना वाटे, म्हातारा-म्हातारीचं पटत नाही.

मी निवृत्तीनंतर त्यांच्याकडं राहायला आले. अण्णांची नव्वदी जवळ आली होती. गेल्या वर्षी आईला झटका आला. गावाकडची माणसं भेटायला येऊन "अंगावरनं वारं गेलं" म्हणत, आणि मला त्या शब्दाची चीड यायची, या घरात वाऱ्यानं आधीच पुरे केलं होतं. उजवी बाजू लुळी पडली. तोंड वाकडं झालं, त्यामुळं ओठांवरून अण्णांना काही लागेना. छातीतला तो जाड आवाज गेला आणि बारीक, चिरका, धाग्याएवढा आवाज उरला. नेमका तोच, जो त्यांना सगळ्यात आधी ऐकू येईनासा झाला होता. लिहून दाखवावं तर आता तिला अक्षरंही लागत नव्हती.

मग मी मध्ये. आईच्या तोंडाशी कान न्यायचा, ती काय म्हणाली ते ऐकायचं आणि अण्णांच्या कानाशी आवाज उतरवून सांगायचं. अण्णा पलंगाशी खुर्ची घेऊन बसत आणि तिच्याशी बोलत. ते बोलले की औषधांच्या बाटल्या हलायच्या. झटक्यानंतर आईला मोठा आवाज सहन होत नव्हता, ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. एकदा तिनं मला जवळ बोलावून सांगितलं, "त्यांना म्हनावं, हळू बोला. डोक्यात घन बसत्यात."

मी सांगितलं. अण्णांचा चेहरा पडला. "किती हळू?" त्यांनी विचारलं. जन्मभर वारा मोजलेला माणूस, त्यांना माप हवं होतं. मी हात खाली केला, अजून खाली केला. त्यांनी प्रयत्न केला, तरी आईनं डोळे मिटलेच. त्यावर ते बोलायचेच बंद झाले. तिच्याजवळ बसत, पाय चेपून देत, पाणी पाजत, पण तोंडातून शब्द काढत नसत. मला वाटलं, बरं झालं, आईला आराम पडेल. मला एवढंच सुचलं होतं.

आईचं खाणं तुटलं. ऑक्सिजनचं मशीन खोलीत आलं, त्याची घरघर दिवसभर चालायची. डॉक्टरांनी जवळच्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं होतं. दुपारी मी तिचं तोंड पुसत होते तर ती म्हणाली, "बोलंनात का गं ते? रागावलेत का? मी जुनं काय काय बोलले त्याचा राग हाय का?"

अण्णा मागच्या अंगणात कढीपत्त्याजवळ बसले होते. मी जाऊन त्यांना सांगितलं. ते ताडकन उठले आणि तसेच परत बसले. "ओरडलो तर तिला त्रास होईल," ते म्हणाले. मग त्यांनी दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि माझ्याकडं बघत बोलून पाहिलं, "आता?" मोठं होतं. मी मान हलवली. "आता?" तरी मोठं. बोटांना गळ्यातली थरथर लागत होती, ती कमी होईल तसा आवाज कमी होतो, हे त्यांनी ताडलं. वय झालं होतं, पण डोकं तेच होतं. "कळलं," म्हणाले आणि आत गेले.

खुर्ची त्यांनी अगदी पलंगाला लावली. बोटं गळ्यावर ठेवली, वाकले आणि बोलायला लागले. गळ्यात थरथर म्हणून राहू दिली नव्हती त्यांनी. नुसते ओठ हलत होते. मशीनच्या घरघरीत मला एक अक्षर ऐकू येईना. मी जवळ सरकले, तरी नाही. मला त्यांना थांबवता आलं असतं, खांद्याला हात लावून सांगता आलं असतं. पण ते इतकं मनापासून बोलत होते की माझा हात उचलला नाही. किती वेळ बोलले. मध्येच हसले. मध्येच डोळे पुसले आणि परत सुरू झाले. आई त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत होती. तिला ओठ वाचायची सवय नव्हती, तिला कधी गरजच पडली नव्हती. शेवटी त्यांनी तिचा लुळा हात उचलून आपल्या गालाला लावला आणि उठून बाहेर गेले.

आईनं मला डोळ्यांनी बोलावलं. "काय म्हनाले?"

मी म्हणाले, "म्हणाले, रागावलो नाही."

"येवढंच? येवढा येळ?"

बाकीचं तुमच्या दोघांतलं आहे, असं काहीतरी मी बोलले. ती थोडी हसल्यासारखी झाली, वाकड्या तोंडामुळं नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दहाव्याचं आटोपून आम्ही नदीवरून घरी आलो. पाहुणे पांगले. अण्णा ओट्यावर बसले होते, त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "एक बरं झालं," ते म्हणाले, "वेळेत सगळं बोलून झालं. तिनं सगळं ऐकून घेतलं. नाहीतर जन्मभर लागून राहिलं असतं मला."

मी त्यांच्या कानाशी गेले आणि आईसारखा आवाज उतरवून विचारलं, "अण्णा, काय बोललात तुम्ही तिच्याशी?"

ते चक्क लाजले. "तू होतीस की तिथं," अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "सगळं ऐकलंस. आता परत मला म्हणायला लावू नकोस, बाई."

मी म्हणाले, "होय अण्णा. ऐकलं."