टेलरच्या घरची वाकळ

ढाणकीत लेडीज टेलर बरेच आहेत, पण उरलेलं कापड परत देणारा एकच, हरिसिंग. ब्लाऊज घडी घालून पिशवीत टाकायचा आणि मग मशीनच्या खणातून बोटाएवढी सुरळी काढायची. त्याच ब्लाऊजचं कातरण, त्याच रंगाच्या दोऱ्याने बांधलेलं. ती दोन्ही हातांनी गिऱ्हाइकापुढे धरायची आणि म्हणायचं, "हे तुमचं." देवळात प्रसाद देताना पुजारीसुद्धा इतका गंभीर होत नाही.

याला कारण होतं. तांड्यावरून गावात येऊन हरिसिंग ज्या उस्तादाकडे काज-बटण शिकला, त्या उस्तादाच्या मुलीच्या बाहुलीने एकदा जरीचा घागरा घातला. ते जरीचं कापड एका बाईने आपलं म्हणून ओळखलं. पुढचं बोलणं रस्त्यावर झालं, आणि नेमका बाजाराचा दिवस होता. हरिसिंगने तेव्हाच ठरवलं, आपल्या घरची बाहुली उघडी राहिली तरी चालेल.

पुढे त्याला मुलगी झाली, ममता. तिची बाहुली खरोखरच उघडी राहिली. हे ती अजून सांगते.

यंदा ममता बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, ठणठणीत. संक्रांत झाली की लेकराला घेऊन मारेगावला सासरी जायचं होतं, आणि लेकराबरोबर आजोळची वाकळ गेली पाहिजे, असं हरिसिंगची बायको सुखीबाई हिच्या माहेरापासून चालत आलेलं. वाकळ म्हणजे आत जुन्या लुगड्यांचे थर आणि वर रंगीत तुकडे. थर होते. सुई होती, दोरा होता, घरात टेलर होता. चिंधी नव्हती.

"इहीणबाई काय म्हणे, माहीत हाय?" सुखीबाईने जेवताना विषय काढला. "म्हणे, वाकयीची तर काळजीच नाही, टेलरच्या घरून येऊन राह्यली. आता तिले काय ते वाघाचं ब्लँकेट देऊ?"

वाघाचं ब्लँकेट ममताच्या भावाने, सोनूने, उमरखेडहून हौसेने आणलं होतं. फार मऊ होतं. वाघ हसत होता. सुखीबाईने त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं.

"नवीन कापड आणतो न् कापतो," हरिसिंग म्हणाला.

"चांगलं कापड फाडून चिंध्या करता? तांड्यात कयलं तर बाया हसू हसू मरतीन."

"मंग?"

"ज्यायले देल्लं त्यायले मांगा."

हरिसिंगचा घास तोंडातच राहिला. दिलेलं परत मागायचं? उभ्या आयुष्यात कमावलं ते एवढं एकच, की हरिसिंग दुसऱ्याची चिंधी ठेवत नाही. आता लोक म्हणतील, म्हातारपणी नियत फिरली. आणि बोलणं रस्त्यावरच होईल.

"तू जाय," तो म्हणाला.

"मी कायले जाऊ? मी देल्लं का? दोन्ही हातानं देत होते ना, आता दोन्ही हातानं घ्या."

आतून ममताचा आवाज आला, "बापू, माही बाहुली आठवा."

दुसऱ्या दिवशी हरिसिंग धुतलेला सदरा घालून कुंदाताईंकडे गेला. त्या त्याच्या सगळ्यांत जुन्या गिऱ्हाईक आणि आवाज चढवून बोलत नसत. यजमान मधुसूदनराव तहसिलीतून निवृत्त झालेले. म्हणजे अपमान व्हायचाच असेल तर तो सुशिक्षित घरात, हळू आवाजात व्हावा, असा हिशेब.

कुंदाताईंनी दार उघडलं आणि त्याला पाहून त्यांचा चेहराच पडला. टेलर आपणहून घरी येत नसतो. हरिसिंगने थंडीचा विषय काढला, मग तुरीचा, मग मधुसूदनरावांच्या गुडघ्यांचा. चहा संपला. मग तो रिकाम्या कपाकडे बघत म्हणाला,

"ताई, मी ते देतो ना... कातरण..."

"आहे हो, आहे!" कुंदाताई ताठ बसल्या. "सगळं जपून ठेवलंय, भाऊ. एकही टाकलं नाही. एक-दोन लोणच्याच्या बरणीला बांधलेत, तेवढेच."

"आणि एकाने मी सायकल पुसतो, तेही सांग," आतून मधुसूदनराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा!"

ताई आपल्याला कसला हिशेब देत आहेत, हे हरिसिंगला कळेना. पण तोंड उघडलंच होतं, तेव्हा उरलेलंही बाहेर पडलं. "नाही, मले ते परत पाह्यजे होतं. नातीच्या वाकयीसाठी. तुमची हरकत नसन तर."

"परत?"

"हो."

"म्हणजे, घेऊन जाता?"

"जातो."

"सगळं?"

कुंदाताई अशा उठल्या की घरात गुडघे फक्त मधुसूदनरावांना आहेत असं वाटावं. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला. मग दुसरा आला. मग दिवाणाच्या पोटातून उशीची खोळ निघाली, गच्च फुगलेली.

"टाकवत नाही हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतकं मनापासून देता. वर पुढच्या खेपेला विचारता, कामी आलं का म्हणून. काय सांगायचं माणसाने?"

हरिसिंग विचारत असे खरं. त्यावर बायका हसत, ते समाधानाने हसतात अशी त्याची समजूत होती.

मधुसूदनराव बाहेर आले. त्यांनी दिवाणाचं झाकण दोनदा उघडून लावून पाहिलं. "बसलं बरं का," ते म्हणाले. "कित्येक वर्षांनी बसलं."

हरिसिंग घरी पोचायच्या आत कुंदाताईंचा फोन गावभर पोचला होता. तिसऱ्या प्रहरापासून दुकानाच्या ओट्यावर बायका येऊ लागल्या. चंदाबाईने तर खताची रिकामी गोणीच भरून आणली. "भाऊ, आता हे वापस तं नाही ना देणार?" तिने आधी खात्री करून घेतली, मग गोणी खाली ठेवली. मैनाबाई म्हणाली, "याच्यात माह्या सासूच्याबी सुरया हाय. मरतालोक टाकू देल्ल्या नाही बुढीनं. म्हणे, टेलर विचारन."

हरिसिंग ढिगाकडे बघत बसला. आधी त्याला थोडं वाईट वाटलं. एवढ्या सुरळ्यांपैकी कामाला आल्या त्या फक्त बरणीवर आणि सायकलवर. मग हळूहळू ध्यानात आलं की नियत हा शब्द दिवसभरात कोणीच काढला नाही. उलट एवढ्या बायका त्याच्या दुकानातून एकदम खूश होऊन जाताना त्याने दिवाळीतही पाहिल्या नव्हत्या. मान कधीपासून आखडलेली होती कोण जाणे, ती सैल झाली.

"गेलं का नाव?" रात्री भाकर वाढताना सुखीबाईने विचारलं.

"नाही. उलट..."

"उलट काय?"

"काही नाही. भाकर दे अजून."

सुखीबाईने अंगणात लुगडी पसरली. ब्लाऊजचं कातरण चौकोनी नसतं. बगलेच्या चंद्रकोरी निघतात, गळ्याचे गोल निघतात, आणि गळा जितका खोल तितका गोल मोठा. हरिसिंग शेजारी बसून ओळखत होता.

"हा मैनाबाईचा. हा कुंदाताईचा, बारकुसा. न् हा एवढा मोठा म्हणजे..."

"गप बसा. लेकराच्या वाकयीवर असं बोलत नाही."

मधोमध सुखीबाईने तिच्या याडीच्या, म्हणजे आईच्या, जुन्या घागऱ्याचा चौकोन लावला. बाळाला टोचू नयेत म्हणून त्याचे आरसे उसवून काढले. भोवती गोल आणि चंद्रकोरी, जशा हाताला लागल्या तशा. कडेपासून मध्यापर्यंत धावदोरा तिनेच घातला. मशीनला हात लावू दिला नाही. हरिसिंगला फक्त सुईत दोरा ओवायची परवानगी होती.

संक्रांतीनंतर ममता मारेगावला गेली. पोचल्यावर तिचा फोन आला. सासूने वाकळ बाजेवर पसरली आणि शेजारच्या बायकांना बोलावून दाखवली. "म्हणे, टेलरच्या घरी काय, चिंध्याच चिंध्या असतीन."

"हो म्हणावं," सुखीबाई म्हणाली. वाघाच्या ब्लँकेटमध्ये पाय घेऊन हरिसिंग ऐकत होता. ब्लँकेट खरंच मऊ होतं.

पुढच्या आठवड्यात कुंदाताई ब्लाऊज न्यायला आल्या. हरिसिंगने तो घडी घालून पिशवीत टाकला आणि सवयीने हात खणाकडे गेला. सवयीनेच कुंदाताईंचा हात पुढे आला. कातरण खणात नव्हतं. ते मशीनखालच्या गोणीत गेलं होतं. सुखीबाई आता सोनूच्या लग्नाचं बोलत होती, आणि नव्या सुनेलाही वाकळ लागणार होती.

"ताई, कातरण ठेवून..."

"ठेवा, ठेवा!" त्या म्हणाल्या, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ओट्याच्या पायऱ्या उतरूनही गेल्या.