गोणपाटामागचा उजेड

आमच्या घरी भाता बंद असला की चूलही थंड असायची. आई घण मारायची, आप्पा लोखंड धरायचे. भर दुपारी ते दाराला गोणपाट लावून अंधार करत, कारण तापल्या लोखंडाचा खरा रंग उन्हात कळत नाही.

घरातली पहिली पदवीधर मी. कर्करोगाच्या रुग्णालयात उपचारासाठी रुग्णावर सोडतात तो प्रोटॉन किरणांचा झोत मोजते. नवा झोत क्षणार्धात किरणांचा इतका मोठा डोस देतो, की नेहमीचं यंत्र कमीच आकडा दाखवतं. म्हणून झोताच्या वाटेत मी चमकणारा पडदा ठेवला आणि त्याचे फोटो घेतले. चमक जास्त तिथे डोस जास्त. पहिले आकडे मात्र चुकले.

आमच्या विभागाचे सर हसले. "चमक बघून डोस सांगायला हे काय लोहारकाम आहे, बाई?"

"हो सर. आणि मी लोहाराचीच मुलगी आहे."

मग मी खोलीतले दिवे मालवले. तरी यंत्रावरच्या बारीक हिरव्या दिव्याचा उजेड फोटोत मिसळून आकडे चुकवत होता. त्यावर काळं कापड टाकलं. अंधार हासुद्धा मोजमापाचा भाग असतो, हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही.

झोत पुन्हा सोडला. डोस नोंदवणाऱ्या, सावकाश पण खात्रीचं उत्तर देणाऱ्या फिल्मशी माझे आकडे जुळले. आमच्या विभागात आता तो झोत असाच मोजतात.