दादाच्या जीपमधली बटणं

दादाला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात गेला, हे आमच्या घरात कुणी असं सरळ म्हटलं नाही. "तब्येत थोडी नरम आहे," असं वहिनी फोनवर सांगायची, जणू सर्दी झालीय. आमचे पूर्वज म्हणे संस्थानाच्या फौजेत होते. जखम दाखवायची पण दुखतंय म्हणायचं नाही, ही रीत बहुधा तेव्हापासूनची. मला तिचा मनापासून राग येतो. पण मीही याच घरातली, त्यामुळे मीही तोंडात मिठाची गुळणी धरून होते.

हॉस्पिटलमधून आल्यावर बरेच दिवस दादाने काही मागितलं नाही. मग एकदा मला म्हणाला, "माझ्या जीपमधले ते स्विच लावून दे." वहिनीचा चेहरा एकदम फुलला. "बघ, गाडी आठवली. म्हणजे फिट होऊन राहिले ते."

मी मात्र घाबरले. ती जीप नाले, दगडधोंडे, चिखल तुडवायला बांधलेली, हाताने गिअर टाकायची गाडी. आणि गिअर चालकाच्या डाव्या हाताला. पलासियाच्या क्लिनिकमधल्या फिजिओथेरपिस्टने जीव तोडून मेहनत घेतली तरी दादाची डावी बोटं उघडत नव्हती. स्विच लागले की तो चाबी मागणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाही कोण म्हणणार? वहिनी तर देव पाण्यात घालून बसलेली. म्हणजे मीच. त्या एका 'नाही'ने माझी झोप उडवली होती.

सामान त्याने आजारपणाआधीच आणून ठेवलं होतं. टपावरच्या दिव्यांचा एक स्विच, धुक्यातल्या दिव्यांचा एक, चाकात हवा भरायच्या कॉम्प्रेसरचा एक आणि रुतलेली गाडी ओढून काढणाऱ्या विंचचा एक. ॲक्सेसरीवाल्याकडे गाडी द्यायला तो तयार नव्हता. "ते भिया लोक डबल टेप चिकटवतात और चलते बनो. मग सगळं लटकत बसतं. तुझा हात साफ आहे." मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मुलांना सोल्डरिंग शिकवते. मिक्सर बिघडला तरी मी, आणि आता जीपही मीच.

रविवारी सकाळी स्नेहलतागंजच्या आमच्या गल्लीत जीप उभी करून मी कामाला लागले. दादा शेजारी खुर्ची टाकून, काठी गुडघ्यांशी धरून बसला. त्याच्या सूचना चालूच: वायर दिसता कामा नये, प्रत्येकीला वेगळा फ्यूज हवा, वायर बांधलेल्या गाठी एका रेषेत हव्यात. मी चिडून म्हटलं, "तूच ये ना मग आत." बोलल्यावर जीभ चावली.

स्विच बसणार होते डॅशबोर्डच्या मधोमध, स्टिअरिंगच्या डावीकडे. तसं त्याचं पूर्वीपासून ठरलेलं. मी तिथे मास्किंग टेप लावून पेन्सिलीने चौकोन आखले. पुढचं विचारायला जीभ रेटेना, कारण तिथे पोचणार होता तो डावाच हात.

"तू बस ड्रायव्हर सीटवर," तो म्हणाला. "मी बाहेरून बघतो, रांग सरळ आहे का."

मी बसले आणि पुढे वाकून बोट टेकवलं.

"वाकू नको. पाठ टेकून बस."

पाठ टेकल्यावर माझं बोट टेपच्या अलीकडेच राहिलं. दादा काठी टेकत दाराशी आला. काठी दाराला लावली, उजव्या हाताने टेप सोलली आणि स्टिअरिंगच्या उजवीकडे, दाराजवळ, कंपनीने रिकाम्या सोडलेल्या पट्टीवर चिकटवली. "इथे लाव."

उजवा हात चालतो म्हणून उजवीकडे. म्हणजे याने एका हाताने गाडी चालवायचं मनात पक्कं केलंय. भोकं पाडणं माझ्या जिवावर आलं. कापलेला डॅशबोर्ड पुन्हा सांधता येत नाही. "कापू?" मी दोनदा विचारलं. "काप," तो म्हणाला. मी कापलं, कडा कानशीने घासल्या, स्विच एकेक करून दाबून बसवले. रांग सुरेख आली होती आणि तिच्याकडे बघवत नव्हतं.

वहिनी चहा घेऊन आली. "वा! एकदम कंपनीतून आल्यासारखं दिसून राहिलंय. आता हे स्वतः नेतील खजरान्याच्या देवळात, गाडीच्या पूजेला."

"चाबी काढ," दादा म्हणाला.

चाबी माझ्या मुठीत होती. मी म्हटलं, "नाही देणार. तुझा डावा हात गेलाय दादा. गिअर कशाने टाकशील?"

"काहीतरीच काय बोलतेस," वहिनी पुटपुटली.

"मला काय माहीत नाही ते?" दादा शांतपणे म्हणाला.

"मग उजवीकडे कशाला घेतले?"

"तुझा हात पोचावा म्हणून. बुटकी आहेस तू. मध्ये लावले असते तर दर वेळी वाकली असतीस, रस्ता सोडून."

गाडी आता मी चालवायची, हे त्याने मनाशी आधीच ठरवलं होतं, आणि मी आपली किती दिवस त्याला नाही कसं म्हणायचं याची तालीम करत बसले होते. मला रडू आलं आणि त्याचा भयंकर रागही आला. मला त्याची जीप नको होती. चाबीसाठी माझ्याशी भांडणारा दादा हवा होता.

तो बोनेटला वळसा घालून डाव्या बाजूला गेला आणि वेळ घेत, दाराला धरून चढला. मीही चढले. गाडी सुरू केली, क्लच दाबला आणि गिअरकडे हात नेला. तिथे दादाचा उजवा हात आधीच होता. डाव्या सीटवरून गिअर बरोबर त्याच्या चांगल्या हाताशी येत होता.

"मला टाकता येतो," मी म्हटलं.

"माहीत आहे. तू क्लच सांभाळ."

त्याने पहिला टाकला. गल्लीच्या टोकाशी तो "हं" म्हणाला, मी क्लच दाबला, त्याने दुसरा टाकला. माझा डावा हात मांडीवर नुसता पडून होता.