शेजारणीचा प्रश्न

आयर्लंडमधल्या ल्यूकनच्या घरात कपाट आवरताना माझी एम.ए.ची वही सापडली. उघडली तशी डांबरगोळ्यांचा वास आला आणि मी थेट पुण्यातल्या तोंडी परीक्षेला जाऊन बसले.

समोर आमचे समीक्षेचे सर. त्यांच्यावर एका फ्रेंच समीक्षकाचा फार पगडा होता. तो इतिहासकारही होता. लेखकाचा वंश, परिस्थिती आणि काळ कळला की लेखन कळलं, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे आम्ही सगळे प्रत्येक उत्तर लेखकाच्या गावापासून आणि घराण्यापासून सुरू करायचो. ओव्या रचणाऱ्या एका बाईवरच्या माझ्या प्रबंधात मात्र मी ते केलं नव्हतं.

"परिस्थितीचं प्रकरण कुठंय?" सरांनी विचारलं.

"सर, तिच्या शेजारणीचं गाव तेच, जात तीच, दुष्काळही तोच. मग तिनं का नाही रचल्या ओव्या?"

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि मला काठावर पास केलं. घरी येऊन मी रडले होते.

परवाच इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कविता परत पाठवली. "वहिनी, आयर्लंडमध्ये मराठी कविता कशी उगवणार? आपली माती कुठंय इथं?"

मी वही मिटली आणि त्यांना उत्तर लिहिलं. "आमच्या गल्लीत मराठी घरं सहा आहेत. माती सगळ्यांना हीच. कविता मी एकटीच लिहिते."

सोबत तीच कविता जोडली. एक शब्दही बदलला नाही.