वाऱ्याचा वाटा

इनामगावच्या अनसाबाईंनी नवऱ्यासाठी आजवर दोन स्वेटर विणले आणि दोन्ही ट्रंकेत गेले. संपतरावांची पाठ वयाने वाकलेली. पहाटे कांद्याला पाणी द्यायला वाकले, की स्वेटर मागून वर चढायचा आणि कंबर उघडी पडायची. मग ते कमरेला उपरणे गुंडाळून गावभर सांगायचे, "आमच्या मंडळीनं इणलाय. निम्मा माझा, निम्मा वाऱ्याचा!"

तिसरा स्वेटर हाती घेताना अनसाबाई म्हणाल्या, "ह्यो बसला न्हाई, तर सुया इशरतला देऊन टाकीन."

इशरत शिरूरला विणकामाचा क्लास घेई. तिने उपाय सांगितला. "मावशी, पाठ विणताना काही ओळी शेवटपर्यंत न्यायच्या नाहीत. दोन्ही कडांचे थोडे टाके सुईवर तसेच सोडायचे आणि मधूनच परत फिरायचं. मधला भाग लांबतो, कडा तेवढ्याच राहतात."

ऐकायला सोपे होते. पण रानात सुरू केलेली सरी अनसाबाईंनी जन्मात अर्धी सोडली नव्हती. बोलता बोलता सुई शेवटच्या टाक्यापर्यंत पोचायची आणि इशरत ओळ उसवायची.

"मावशी, थांबा!"

"मी थांबते गं, हात थांबत न्हाई."

रविवारी त्या न्याहारी घेऊन रानात गेल्या. घोड नदीच्या अंगाला त्यांचा बांध पोटासारखा बाहेर आलेला. सरळ ओळी संपवून ट्रॅक्टर आता त्या पोटात नांगरत होता. थोडे जायचा, वळायचा, परत यायचा. अनसाबाई पाटी डोक्यावर घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"काय बघतीस? भाकरी गार व्हतीया," संपतरावांनी हाक दिली.

"तुमची पाठ बघतीय."

"माझी पाठ हिकडं हाय!"

त्यांनी बांधावरच पिशवीतून सुया काढल्या. हात मधेच वळला. मात्र वळणाशी भोके पडली. फोनवर इशरत हसली. "वळताना पुढच्या टाक्याला लोकरीचा वेढा द्या आणि नंतर तो वेढा टाक्याबरोबर विणून घ्या." भोके बुजली.

थंडी पडली. संपतराव नवा स्वेटर घालून पाणी वळवायला वाकले. उठले. मुद्दाम पुन्हा वाकले. स्वेटर जागचा हलला नाही.

"आता गावाला काय सांगू?" ते कुरकुरले.

"सांगा, वाऱ्याचा वाटा बंद केला म्हनून."

आणि अनसाबाईंनी फोन लावला. "इशरत, सुया काय मिळायच्या न्हाईत. तुझ्या अब्बांचं माप घिऊन ठिव. त्यांच्या सुटल्याल्या पोटाला आखूड ओळी पुढनं लागतील."