सहा रिकाम्या चौकटी

आमच्या बारक्याला आता बारक्या म्हणणं म्हणजे शुद्ध थट्टा आहे. दारातून आत येताना तो जरा तिरका होऊन येतो आणि कुणाच्या घरी खुर्चीत बसण्याआधी ती हलवून बघतो. पण भावंडांत शेंडेफळ, म्हणून लहानपणी नाव पडलं ते पडलं. मी सगळ्यात थोरली. त्याचा फोटो स्टुडिओ आणि माझं फ्रेमांचं दुकान एकाच गाळ्यात, मधे प्लायवूडची भिंत. तो फोटो काढतो, मी त्याला चौकट घालते. भिंतीपलीकडे तो शिंकला तरी मला ऐकू येतं, त्यामुळे ही हकिगत काही ऐकीव नाही.

आमच्या समोरच प्रसूतीचं हॉस्पिटल आहे, आणि बारक्याचं बहुतेक काम त्याच्या जिवावर. नवजात बाळांचे फोटो काढावेत तर यानेच. एवढा आडदांड माणूस, पण बाळाजवळ गेला की आवाज लोण्यासारखा मऊ होतो. मोठ्या माणसांपुढे मात्र त्याची दातखीळ बसते. गिऱ्हाइकाने दोन प्रश्न जास्तीचे विचारले की माझ्याकडे बघत राहतो, जणू शाळेत उत्तर येत नाहीये आणि ताईने पुटपुटावं. "मला बोलता येत नाही गं, म्हणून तर फोटो काढतो," असं म्हणून सुटतो.

आणि त्याची जपणूक! प्रत्येक फोटो तीन ठिकाणी ठेवायचा, हा त्याचा नेम. एक दुकानातल्या डिस्कवर, एक घरी कपाटात, एक त्याच्या वेबसाइटवर. वेबसाइटसाठी त्याने एका होस्टिंग कंपनीकडे भाड्याने जागा घेतली होती. म्हणजे फोटो राहणार त्या कंपनीच्या मशीनवर, कुठल्या तरी लांबच्या शहरात, आणि आईबापांनी आपला पासवर्ड टाकून घरबसल्या बघायचे. मी त्याला चिडवायचे, "अरे, आयांनी पोरं एकदाच जन्माला घातली, तू ती तीन-तीनदा कशाला सांभाळतोस?" त्या कंपनीच्या जाहिरातीत कानाला हेडफोन लावलेली एक हसरी बाई होती आणि खाली लिहिलं होतं, तुमच्या आठवणी आमच्याकडे सुरक्षित. मला त्या बाईचं हसू पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं. पण माझं ऐकतो कोण.

एका सकाळी हॉस्पिटलमधल्या सिस्टरचा फोन आला. एक बाळ जन्मलं होतं, वेळेच्या खूप आधी. काचेच्या पेटीत होतं आणि वाचणार नव्हतं. आई अजून बेशुद्ध. बापाने सिस्टरला एवढंच सांगितलं होतं, की ती शुद्धीवर येईल तेव्हा तिला दाखवायला काहीतरी असू दे. बारक्या कॅमेरा घेऊन गेला आणि परत आला तो सरळ आतल्या खोलीत जाऊन बसला. मी चहा नेऊन ठेवला, तो तसाच गार झाला. त्याने सहाच फोटो काढले होते. आई शुद्धीवर येण्याआधी बाळ गेलं.

पुढे कधीतरी त्या बाळाची आई स्वतः दुकानात आली. सडसडीत, केस घट्ट मागे बांधलेले, पर्स पोटाशी धरलेली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"मला ते फोटो आत्ता बघायचे नाहीत," ती म्हणाली. "पण ते हवेत. घरी नकोत. माझ्या फोनमध्ये नकोत. आणि दादा, तुमच्या दुकानातही नकोत. कुणीतरी उघडणार, कुणीतरी अरेरे म्हणणार. मला ते चालणार नाही."

बारक्याने माझ्याकडे बघितलं. मी काय पुटपुटणार? मग तोच म्हणाला, "मॅडम, साइटवर एक पान करतो. कुलूप लावतो. पासवर्ड तुम्हीच टाका, मलाही सांगू नका."

"आणि दुसरीकडे कुठेच नकोत. एकाच जागी, कुलपात. शब्द द्या."

त्याने शब्द दिला. तिने तिथेच उभ्या उभ्या त्याच्या कीबोर्डवर पासवर्ड टाकला, तेव्हा बारक्या तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राहिला. ती गेल्यावर त्याने दुकानातल्या डिस्कवरचे फोटो पुसले, घरी जाऊन कपाटातले पुसले. मी म्हटलं, "अरे, एक तरी कॉपी ठेव, वेड्या. तिला काय कळतंय?" तर म्हणतो, "शब्द दिलाय ताई." ज्या माणसाने केक कापणाऱ्या पोरांचे बावळट फोटोसुद्धा तीन ठिकाणी ठेवले, त्याने हे सहा एकाच ठिकाणी ठेवले. तेही त्या हसऱ्या बाईच्या भरवशावर.

कुठलं पान कधी उघडलं गेलं, ते कंपनी त्याला दाखवायची. दर रविवारी दुपारी ते पान कुणीतरी उघडत होतं. "बघते गं ती," बारक्या मला म्हणायचा. आपलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, याचं त्याला बरं वाटायचं. मलाही वाटायचं.

मग एके दिवशी साइट बंद पडली.

एक पान नाही तर दुसरं तरी उघडेल म्हणून आम्ही प्रत्येक पान उघडून बघितलं. सगळीकडे पांढरा पडदा आणि एक ओळ. कंपनीला फोन लावला की आधी गाणं वाजायचं, मग एक आवाज सांगायचा की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि मग पुन्हा गाणं. ते गाणं मला प्लायवूडमधून पाठ झालं. शेवटी एका मुलाने फोन उचलला. वरचे लोक बघतायत म्हणाला. वरचे म्हणजे कोण, हे त्यालाही माहीत नसावं. दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा, त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. धड चार वाक्यं न बोलणारा माझा भाऊ फोनवर गयावया करत होता, "बाकी सगळं जाऊ द्या हो, माझ्याकडे आहे. फक्त एक पान. एकच पान बघा ना." मला त्या कंपनीत जाऊन एकेकाला उभं-आडवं घ्यावंसं वाटत होतं, पण जायचं कुठे? पत्ता म्हणून नुसता ईमेल.

आणि तिचा फोन आला. "दादा, ते पान उघडत नाहीये."

"दुरुस्ती चाललीय मॅडम," बारक्या म्हणाला. "होईल लवकरच."

"घाई नाही," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, म्हणाला.

साइट परत आली ती एका मेलबरोबर. मशीनमध्ये बिघाड झाला होता, दिलगीर आहोत. पानं सगळी परत आणली आहेत. फोटोंच्या मोठ्या फायली मात्र आपल्या प्लॅनच्या बॅकअपमध्ये धरल्या जात नाहीत, हे अटींमध्ये नमूद आहे. बारक्याने मला ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्या वाचनात काही वेगळं निघेल. साइट त्याच्या मालकीची, त्यामुळे कंपनीच्या मागच्या दाराने त्याला पासवर्डशिवाय आत जाता यायचं. तो गेला. पान होतं. कुलूप होतं. आत सहा चौकटी होत्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात फाटक्या चित्राची खूण, आणि मधे काहीच नाही.

मग सुरू झाली ती नुसती वणवण. पुसलेल्या डिस्कमधून फोटो परत काढून देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे दोन्ही डिस्क नेल्या, कॅमेऱ्यातली जुनी कार्डं नेली. त्या जागेवर नंतर इतकं काही भरलं होतं, की निघाले ते भलतेच फोटो. फुगे, टोप्या, कुणाचे तरी हसणारे आजोबा. तो माणूस पुढे पुढे सरकवत होता आणि बारक्या पडद्याला नाक लावून प्रत्येकावर म्हणत होता, "थांबा, हा... नाही. पुढे." शेवटी त्या माणसानेच यंत्र बंद केलं आणि डिस्क त्याच्या हातात दिल्या.

बारक्याने हॉस्पिटलमधली कामं घेणं बंद केलं. सिस्टरचा फोन आला की कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगायचा. जेवणाचा डबा उघडायचा, तसाच झाकायचा. त्याची बायको स्वभावाने व्यवहारी. ती म्हणाली, "त्यांनी विचारलं तरच सांगा. कुलूप दिसतंय ना त्यांना? कदाचित आता त्या बघतही नसतील." तसं वाईट सुचवलं नव्हतं तिने. पण बारक्याने मान हलवली. "ती बघते. दर रविवारी बघते." आणि मग प्लायवूडच्या कडेने माझ्याकडे डोकावून म्हणाला, "ताई, तू चल ना बरोबर."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, लख्ख आवरलेलं, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि पालथे ग्लास. तिच्या नवऱ्याने दार उघडलं, आम्ही कोण ते कळल्यावर एक शब्द न बोलता बाजूला झाला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. "ते यावर बोलत नाहीत," ती म्हणाली. "तेव्हापासून कधीच नाही."

बारक्याने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि सांगून टाकलं. मला वाटलं होतं याची जीभ अडखळेल, पण त्याने सरळ सांगितलं. "मॅडम, फोटो गेले. पान आहे, फोटो नाहीत. दुसरीकडे कुठेही नाहीत. मी सगळीकडे शोधलं."

तिने टेबलावरचा एक पालथा ग्लास सरळ केला. मग म्हणाली, "मी ते कधी बघितलेच नाहीत."

आम्हाला कळेना. "तुम्ही तर दर रविवारी..."

"पान उघडायचे. कुलूप दिसायचं. पासवर्ड टाकायची हिंमत व्हायची नाही, मग बंद करायचे. आहे ना आत, एवढं कळलं की पुरायचं." तिचा आवाज फाटला. "या वर्षी टाकणार होते, दादा. मी ठरवलं होतं."

माझ्या भावाचा चेहरा मला बघवेना. त्या हसऱ्या बाईला, त्या कंपनीला, त्यांच्या अटींना मी मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. पण त्याने कुणाचं काय होणार होतं?

तिनेच हात पुढे केला आणि लॅपटॉप ओढून घेतला. पासवर्ड टाकला. मी शेजारीच बसले होते, बोटं कुठे पडतायत ते मला दिसलं. ते एक नाव होतं. मी ते कुणाला सांगितलेलं नाही, इथेही सांगणार नाही. कुलूप निघालं आणि सहा रिकाम्या चौकटी समोर आल्या.

"या पहिल्या चौकटीत काय होतं?" तिने विचारलं.

बारक्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी मान खाली घातली. मग तो बोलायला लागला, बाळाजवळ बोलतो त्या आवाजात.

"पहिल्यात पूर्ण बाळ आहे. पांढऱ्या कापडावर, कापडाला निळी कड. उजवा पाय वर घेतलेला. दुसऱ्यात टोपी घातलीय, टोपी मोठी झालीय, भुवईपर्यंत आली होती. तिसऱ्यात नुसता कान. कान फार छान होता मॅडम, पूर्ण झालेला, पाळीला जरा दुमड. चौथ्यात तळपाय. पाचव्यात हात, सिस्टरचं बोट धरलेलं. घट्ट धरलं होतं, तिला सोडवता येत नव्हतं."

"आणि सहावा?"

"सहावा हललाय. माझाच हात हलला. हललेला फोटो मी कधी ठेवत नाही. हा ठेवला, कारण यात डोळे उघडे आहेत. एकदाच उघडले."

ती शेवटच्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली. "कसे उघडले?"

बारक्या कपाळाला आठ्या घालून आठवायला लागला, पण त्याला आठवेना. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"डावा आधी," तिचा नवरा म्हणाला. "मग बऱ्याच वेळाने उजवा. तू झोपेतून उठतेस तसे."

तिने वळून त्याच्याकडे बघितलं. आम्ही उठलो. लॅपटॉप तिथेच राहू दिला, आणि दार आमच्यामागे मीच ओढून घेतलं.

खाली येताना जिन्याच्या पायरीवर बारक्या मटकन बसला. ती सबंध पायरी त्याने अडवली. मला वाटलं आता रडेल, आणि रडलाही, पण मधेच माझं मनगट धरून म्हणाला, "डावा आधी, हे मला आठवलं नाही ताई. फोटो मी काढला आणि मलाच आठवलं नाही. उद्या बाकीचेही विसरलो तर?"

"नाही विसरणार."

"तू ऐकलंस ना सगळं? एक त्यांच्याकडे आहे. एक माझ्याकडे. एक तुझ्याकडे राहू दे. म्हणून दाखव."

मी पदराने डोळे पुसले आणि म्हणायला लागले. पांढरं कापड, निळी कड. डावा पाय वर...

"उजवा," बारक्या म्हणाला. त्याच्या हाताची पकड आणखी घट्ट झाली. "उजवा, ताई. पुन्हा पहिल्यापासून म्हण."