चार चमचे तेलाची पाटी

आमच्या दाजींइतका सरकारचं मनापासून ऐकणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. खुद्द सरकारी कचेरीतही नाही, आणि दाजींनी तिथं तीस वर्षं कारकुनी केली आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम लातूर. बारा वर्षांपूर्वी तेल-मीठ कमी खा अशी सरकारी जाहिरात पेपरात आली आणि त्या दिवसापासून ताईच्या स्वयंपाकघरातला फोडणीचा आवाज बंद झाला. नांदेडला माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी पुरी कागदात दाबून तेल टिपलं आणि तो कागद भर पंगतीत व्याह्यांना दाखवला. व्याही अजून त्या कागदाची आठवण काढतात.

असा माणूस रोज संध्याकाळी बसायचा कुठे, तर आप्पांच्या भज्यांच्या हॉटेलात. आप्पा त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. दाजी बिनसाखरेचा चहा घ्यायचे आणि गिऱ्हाइकांच्या प्लेटांकडे सुतकी चेहऱ्यानं बघायचे. मागच्या वर्षी आप्पांची बायपास झाली. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं. पण प्रत्येक घाण्यातलं पहिलं भजं चाखून मीठ बघायची आप्पांची चाळीस वर्षांची रीत, आणि घाणे दिवसाला पंधरा-वीस. दाजींनी हात जोडून सांगितलं. आप्पा म्हणाले, "चाखल्याबिगर गिऱ्हाइकाला कसं देऊ?"

तेवढ्यात सरकारनं कचेऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये कशात किती तेल, किती साखर याच्या पाट्या लावायला सांगितलं. आप्पांचं हॉटेल ना कचेरी, ना कॅन्टीन. पण दाजींनी पाटी रंगवून आणलीच : 'एका प्लेट भज्यात चार चमचे तेल.' ती वाचून निदान आप्पांना धाक बसेल, असा बेत. झालं उलटंच. गिऱ्हाईक खूश. "इथं तेलाला हात आखडत न्हाईत," म्हणत लोक पाहुण्यांना घेऊन येऊ लागले. आठवड्याभरात समोरच्या हॉटेलानं पाटी लावली : 'आमच्याकडे पाच चमचे.' आप्पांचे घाणे तीसवर गेले, म्हणजे चाखायची भजीही तीस. दाजींनी स्वतःच्या हातानं पाटी उतरवली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते कढईजवळ स्टूल टाकून बसले. ताईचा मला फोन आला, "अरे, तुझे दाजी भजी खायलेत!" मी तसाच लातूरला गेलो. बघतो तर घाणा उतरला की पहिलं भजं दाजी उचलत, डोळे मिटून चावत आणि निकाल देत, "मीठ जास्त हाय." आप्पा मान डोलवून पुढच्या पिठात मीठ कमी घालत.

"दाजी, हे काय?" मी विचारलं.

"पाव्हणं, त्याचं काळीज एकदा उघडून झालंय. माझं अजून कोरं हाय."

मीही एक प्लेट घेतली. भजी पार अळणी. बारा वर्षं मीठ तोडलेल्या जिभेला सगळंच खारट लागणार, त्यात दाजींचा काय दोष! ते हात धुवायला उठले तसं मी आप्पांना हळूच सांगितलं.

आप्पांनी झारा निथळला. "ठावं हाय मला. गिऱ्हाईक बी बोलायलंय. पण त्याला सांगितलं, तर उद्यापासून यायचा न्हाई तो."

आणि त्यांनी मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. मला त्या दोघांचा हेवा वाटला. परतीच्या गाडीत, माझ्या वाटणीचं भजं खाणारं नांदेडात कोण आहे, ते मी आठवत बसलो.